हन्नेने वर्षोवर्षी शिवलेला झगा

(पाठ : पहिले शमुवेल, अध्याय 1 ते 3 व अध्याय 7)



हन्नेची गोष्ट आपल्या प्रत्येक शब्बाथ शाळेत सांगितली जाते. तिचे अश्रू, तिचा नवस आणि दूध तुटलेल्या बाळास शिलो येथील मंदिरात सोडून येणे, हे सर्व आपल्या मुलाबाळांस तोंडपाठ आहे. परंतु दुसऱ्या अध्यायातील एका लहानशा गोष्टीवरून आपण सहज पुढे निघून जातो. ती अशी की, ही माता आपल्या मुलाकरिता दरवर्षी एक लहानसा झगा करी, आणि वार्षिक यज्ञास पतीबरोबर जाई तेव्हा तो त्याला नेऊन देई.

याचा विचार करा. मूल वाढत होते. म्हणून गेल्या वर्षीचे माप या वर्षी चालत नसे. रामा गावी घरकाम करीत असता त्या माउलीने मनातल्या मनात मुलाची उंची किती वेळा मोजली असेल! अर्पण तिने एकदाच केले. पण त्या अर्पणाचा निर्वाह तिला वर्षोवर्षी करावा लागला. नवस सुटला, आता याजक पाहून घेईल, असे ती म्हणाली नाही.

आता तिसऱ्या अध्यायाकडे वळू. त्या काळी परमेश्वराचे वचन दुर्मिळ झाले होते, असे तेथे म्हटले आहे. यज्ञ चालू होते, याजक होते, मंदिरात दीपही जळत होता. परंतु देवाची वाणी ऐकून लोकांस सांगणारा कोणी नव्हता. अशा समयी देवाने काय केले? मंदिरात राहून शिकणाऱ्या एका मुलास त्याने नावाने हाक मारली. तो मुलगा मोठा झाला तेव्हा दानापासून बैरशेबापर्यंत सर्व इस्राएलास कळले की, देवाने आपणांस संदेष्टा दिला आहे.

बंधुजनहो, झगा ही शिक्षणाची गोष्ट आहे, आणि दानापासून बैरशेबापर्यंत ही सुवार्तेची. आपण यांस दोन कामे समजतो, त्यांकरिता दोन पेट्या ठेवतो, आणि एका पेटीत टाकले म्हणजे दुसरीतून सुटलो असे मानतो. वास्तविक ही एकाच शेताची पेरणी व कापणी आहे. जी मंडळी आज आपल्या मुलांस शिकवीत नाही, तिने वीस वर्षांनी उपदेशक कोठे शोधावा?

आमच्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीचा इतिहास हेच सांगतो. ही मंडळी 1863 साली संघटित झाली. पुढे 1874 साली तिने अमेरिकेतील बॅटल क्रीक येथे आपले महाविद्यालय स्थापिले. आणि त्याच 1874 साली जॉन नेव्हिन्स अँड्र्यूज यांस आपला पहिला अधिकृत मिशनरी म्हणून युरोपास पाठविले. अँड्र्यूज यांची पत्नी वारली होती. आपली दोन आईवेगळी मुले बरोबर घेऊन ते गेले. शाळा आणि सुवार्ता एकाच वर्षी एका घरातून बाहेर पडल्या.

आपल्या देशातही तसेच घडले. 1893 साली मद्रासेस दोन पुस्तकविक्रे उतरले, आणि 1895 साली जॉर्जिया बरस नावाची तरुणी कलकत्त्यास आली. तिने आधी काय केले? ती बंगाली भाषा शिकावयास बसली. शिकविण्यास आलेली स्वतः आधी विद्यार्थिनी झाली. पुढे 1915 साली कोइमतूर येथे एक लहानशी प्रशिक्षणशाळा निघाली. तीच बंगलोरास गेली, 1942 साली पुण्यास आली, स्पायसर महाविद्यालय म्हणून नावारूपास आली, आणि 2014 साली तिचे विद्यापीठ झाले. आज आपल्या जिल्ह्यातील मुलगा रात्री नांदेडास किंवा लातुरास गाडीत बसला तर सकाळी तेथे पोहोचतो. वाट आता लांब राहिली नाही. वाटेवर चालणारा मात्र मंडळीतून निघाला पाहिजे.

आपल्या मराठवाड्याची कथा याहून निराळी नाही. नारायण शेषाद्री हे निजामाच्या राज्यात जन्मलेले ब्राह्मण. 1843 साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे स्कॉटिश मिशनच्या वतीने ते जालन्यास आले, आणि तेथे जवळच बेथेल नावाची वसाहत त्यांनी वसविली. मांग व महार समाजांतील ज्यांस गावात उभे राहावयास जागा नव्हती, त्यांस तेथे घर मिळाले, उपासनेस मंदिर मिळाले आणि मुलांस शाळा मिळाली. ते मिशन आपले नव्हते. पण बी कोणत्या टोपलीतून पेरले हे शेत विचारीत नाही.

त्या काळी या मुलखात विद्या किती महाग होती हे वृद्ध जन जाणतात. निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून होई. मराठी घरातील मुलास आधी भाषेचा डोंगर चढावा लागे, मग विद्येचा. 17 सप्टेंबर 1948 रोजी हा प्रदेश मुक्त झाला, आणि दोनच वर्षांत, 1950 साली, नांदेडास पीपल्स कॉलेज व औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. ज्या समाजांनी त्या वेळी पोटास चिमटा घेऊन मुलांस तेथे धाडले, त्यांची नातवंडे आज न्यायालयांत, दवाखान्यांत व शाळांत बसलेली दिसतात. 1994 साली नांदेडास विद्यापीठही झाले. आता दार बंद आहे असे कोणास म्हणता येणार नाही.

तरी एक अडचण आम्ही झाकून ठेवीत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंस मिळतात, 1956 पासून शिखांस आणि 1990 पासून बौद्धांसही मिळतात. ख्रिस्ती झालेल्यांस त्या मिळत नाहीत. म्हणून गरीब ख्रिस्ती मुलाच्या पुढे शाळेच्या दाखल्यावर मोठी परीक्षा उभी राहते. शिष्यवृत्ती घ्यावी की प्रभूचे नाव सांगावे? अशा बापास व्यासपीठावरून दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या मंडळीने त्या मुलाच्या वहीपुस्तकाकरिता रुपया काढला नाही, तिने त्याच्या दाखल्याकडे बोट दाखवू नये. सरकारचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे मंडळीचा हात पोहोचावा, याकरिताच प्रभूने आपणांस एक शरीर केले आहे.

कोणी म्हणेल, हे काम मोठ्या मिशनांचे आहे. आम्ही गरीब माणसे. त्यास आम्ही लातूरच्या पाण्याची आठवण देतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरास आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. दूरच्या लोकांनी आपल्या नदीचे पाणी आपणांस पाजले, हा उपकार विसरण्याजोगा नाही. परंतु रेल्वेच्या पाण्याने जीव वाचतो, पेरणी होत नाही. पेरणीस आपला पाऊस व आपली विहीर लागते. परमुलखातील बांधवांच्या अर्पणांनी आपल्या पूर्वजांस सुवार्ता मिळाली व पुष्कळांस शाळा मिळाली. ते रेल्वेचे पाणी होते. आता विहीर आपण खणली पाहिजे.

आणि ती कोठे खणावी, हेही स्पष्ट सांगू. सोयाबीन विकून झाले की, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम लागतो. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि चैत्राच्या आगेमागे परत येतात. आपल्या मंडळ्यांतील घरेही त्यांत आहेत. ट्रकमध्ये भांडी चढतात, शेळी चढते आणि शाळेतले पोरही चढते. मग पाच महिने ते कोपीत राहून धाकट्या भावंडास सांभाळते, वाढे बांधते. परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. दोनतीन हंगाम असे गेले म्हणजे त्याचे नाव पटावर राहते, पण मूल शाळेत राहत नाही. 6 ते 14 वर्षांच्या मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पण कायदा मुलास ट्रकमधून उतरवून घेत नाही. उतरवून घेणारा शेजारी लागतो.

मुलींचे दुःख तर याहून मोठे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, असा तोडीचा हिशेब आहे. तो पुरा व्हावा म्हणून कोवळ्या मुलीचे लग्न उरकले जाते. हन्नेने आपले मूल देवास दिले. आपण आपली मुलगी कोयत्यास द्यावी काय? 18 वर्षांच्या आतील लग्न हा गुन्हा आहे हे उपदेशकांनी मंडळीत स्पष्ट सांगावे. अशा लग्नात उपासना चालवू नये, अक्षता टाकण्यासही जाऊ नये.

आता आमची विनंती ऐका. ती मोठी नाही.

पहिली गोष्ट : ट्रक निघण्याच्या पूर्वी प्रत्येक मंडळीच्या पंचांनी घरोघर जाऊन यादी करावी की, कोणाची कोणती मुले शाळेत आहेत आणि कोण तोडीस जाणार. ज्या घरी आजीआजोबा असतील तेथे मूल ठेवावे. नसतील तर मंडळीतील एका घराने त्यास पाच महिने आपल्या चुलीजवळ जागा द्यावी. शासनाचे हंगामी वसतिगृह गावात होत असेल तर शाळेच्या गुरुजींस भेटून त्यात नाव घालावे.

दुसरी गोष्ट : प्रत्येक घरी भाकरीचे पीठ मळण्याच्या वेळी एक मूठ ज्वारी निराळ्या मडक्यात टाकावी, आणि शब्बाथ दिवशी ती मंदिरात आणावी. मूठ 50 ग्रॅमची धरली तर एका घराची महिन्यास दीड किलो होते. वीस घरांची तीस किलो. तेवढ्यात तीन मुलांच्या महिन्याच्या भाकरी होतात. हे दशांशातून नव्हे. दशांश देवाचा आहे, तो आपण आधीच परत केला. ही मूठ म्हणजे झग्याचा धागा.

तिसरी गोष्ट उपदेशक बंधूंस : दररोज सायंकाळी मंदिरात दिवा लावून मुलांस दोन तास बसवा. वाचन घ्या, पाढे घ्या, शेवटी पवित्र शास्त्रातील एक गोष्ट सांगा. शेजारच्या कोणत्याही घरचे मूल आले तर त्यास त्याच सतरंजीवर बसवा. जात विचारू नका, आणि त्याच्या घरच्या देवाची निंदा करू नका. आमिष दाखवून श्रद्धा विकत घेता येत नाही, आणि विकत घेतलेली श्रद्धा प्रभूस नको आहे. शेजाऱ्याचे पत्र वाचून द्या, त्याचा अर्ज भरून द्या, त्याच्या आजाऱ्यास दवाखान्यात पोहोचवा. मग तुमच्या ठायी असलेल्या आशेचे कारण तो आपणहून विचारील. तेव्हा सौम्यतेने सांगा. हीच सुवार्ता.

एक शंका पुष्कळांच्या मनात असते, ती आम्हांस ठाऊक आहे. लोक म्हणतात, "शिकलेले पोर पुण्यास जाते आणि गावाकडे वळून पाहत नाही, मग मंडळीस काय लाभ?" शंका खोटी नाही. परंतु शमुवेलाचे काय झाले ते सातव्या अध्यायाच्या शेवटी वाचा. तो दरवर्षी बेथेल, गिलगाल व मिस्पा येथे फेरी घालून लोकांचा न्याय करी. आणि प्रत्येक फेरीनंतर रामा येथे परत येई, कारण तेथे त्याचे घर होते. तेथेच त्याने परमेश्वराकरिता वेदी बांधली. रामा म्हणजे हन्नेचे गाव! ज्या गावातून दरवर्षी झगा आला, त्या गावास तो विसरला नाही. आपली शिकलेली मुले आपणांस विसरत असतील, तर त्यांच्या वसतिगृहात आपले पत्र किती वेळा गेले, परीक्षेच्या वेळी त्यांचे नाव घेऊन मंडळीने किती वेळा प्रार्थना केली, हे आधी विचारून पाहू. धाडून दिलेले मूल परके होते. झगा पोहोचविलेले मूल परत येते.

तेव्हा मातांनो, येत्या शब्बाथी मडके ठेवा. पंचहो, यादी करा. उपदेशक बंधूंनो, दिव्यात तेल घाला. मांजरेच्या व गोदेच्या काठी आजही वचन दुर्मिळ आहे, आणि देव आजही एखाद्या निजलेल्या मुलास नावाने हाक मारणार आहे. त्या रात्री ते मूल ऊसाच्या फडात नसून दिव्याजवळ असावे, एवढे आपल्या हाती आहे. बाकीचे प्रभूच्या हाती. त्याची कृपा तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.