तू तिथे पाहुणी नाहीस

तुझी लांबलचक मेल वाचली. शिक्षकखोलीत कुणी विचारत नाही, वर्गात मुलं तोंड उघडत नाहीत, गाव संध्याकाळीच सामसूम होतं, जेवण सपक असतं. एवढ्या मजकुरात तू स्वतः काय केलंस, याचं एकही वाक्य मला सापडलं नाही. म्हणून आज गोड बोलणार नाही.

आधी तुझं काम काय ते नीट समजून घे. फ्रान्स आणि ब्रिटन यांनी १९०५ च्या सुमारास एकमेकांच्या शाळांत भाषासहायक पाठवायला सुरुवात केली. आज भारतासह कितीतरी देशांतली तरुण मुलं फ्रान्सला जातात, तशीच तूही गेलीस. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, आठवड्याला १२ तास. पेपर तपासणं, गुण देणं तुझ्याकडे नाही. मुलांना इंग्रजीत बोलतं करायचं, त्याचाच तुला पगार मिळतो. आणि तू मात्र कुणी येऊन 'या, बसा' म्हणेल म्हणून वाट बघत बसली आहेस. नोकरीवर गेलेल्या माणसाला असं वागून चालत नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या वर्गात तू काय केलंस? ताजमहाल, दिवाळी, बॉलिवूड अशा स्लाइड्स दाखवल्यास, जवळजवळ तासभर एकटी बोललीस आणि शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' म्हणालीस. मग मुलं गप्प राहिली तर त्यांचं काय चुकलं? सगळ्या वर्गासमोर परक्या भाषेत चुकायची त्या वयात धास्ती वाटते. तुलाही वाटायची. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात तू शेवटच्या बाकावर तोंड शिवून बसायचीस, विसरलीस का?

वर्गाच्या इंग्रजीच्या शिक्षिकेकडे अर्धा वर्ग मागून घे. दहा-बारा मुलं टेबलाभोवती बसव. पुण्याच्या पीएमपी बसचं तिकीट, कुणाची लग्नपत्रिका, दहा रुपयांची नोट असं तुझ्या पर्समध्ये आणि बॅगेत जे सापडेल ते समोर ठेव. कोणती वस्तू कशाची, हे त्यांनी प्रश्न विचारून शोधायचं आणि तू फक्त 'येस' किंवा 'नो' म्हणायचं. नोट हातात देऊन तिच्यावर किती लिप्या दिसतात ते मोजायला लाव. मागच्या बाजूच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत, शिवाय हिंदी आणि इंग्रजी. एका देशाला इतक्या भाषा कशाला, हे कुणीतरी विचारल्याशिवाय राहणार नाही. त्या मुलानं तो प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना विचारला, की तुझा तास सार्थकी लागला. व्याकरण सुधारायला त्याची शिक्षिका आहे.

उच्चारांना मुलं हसतात म्हणून तू अमेरिकन ढब आणायला लागली आहेस, हे वाचून मला खरा संताप आला. भारतातल्या मुलीला बोलावणाऱ्यांना ठाऊक होतं की ती भारतीय इंग्रजी बोलणार. तीही जगात बोलली जाणारी इंग्रजीच आहे आणि त्या मुलांची उद्या तिच्याशीच गाठ पडणार आहे. स्पष्ट बोल, सावकाश बोल, पण स्वतःच्या आवाजात बोल.

आता शिक्षकखोली. झेरॉक्स मशीनपाशी उभ्या असलेल्या बाईंना तू आल्या आल्या कोड विचारलास आणि त्यांनी तुटक उत्तर दिलं, म्हणून त्या खडूस? फ्रान्समध्ये दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडच्या बाकावर बसलेल्यांनासुद्धा आधी 'बोंजूर' म्हणायचं असतं. ते न म्हणता विचारलेला प्रश्न उद्धटपणा ठरतो. माझ्या वर्गात पहिल्या महिन्यातच हे शिकवलं होतं. दुपारी खोलीवर जाऊन एकटीनं खाणंही बंद कर. शाकाहारी आहेस, तर कँटीनमध्ये तसं स्वतः सांगून ठेव. तिथल्या शाळांना आठवड्यातून एकदा तरी शाकाहारी जेवण कायद्यानं द्यावंच लागतं. इतर दिवशी भाजी-पाव खा, पण शिक्षकांच्या टेबलावर खा. ओळखी तिथेच होतात.

शाळा सुटली की तू घरी व्हिडिओ कॉल लावतेस आणि इथे साडेदहा वाजेपर्यंत, म्हणजे तिथल्या सहापर्यंत, बोलत राहतेस. आईची आठवण येणारच, आणि त्यासाठी मी तुला कधी बोलणार नाही. पण रोजची संध्याकाळ पुण्यात घालवलीस तर त्या गावात राहणार कधी? ऑक्टोबरची सुट्टीही पॅरिसला मराठी मैत्रिणींच्या खोलीवर काढलीस. फ्रान्समध्ये १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्था गावोगाव आहेत: समूहगान, बॅडमिंटन, डोंगरभटकंती. नगरपालिकेत त्यांची यादी मिळते. बुधवारी दुपारी बहुतेक शाळांना तास नसतात. त्या वेळात जा आणि कुठेतरी नाव घाल. तुझं फ्रेंच सुधारेल ते तिथेच.

आणि व्हिसाचं ऑनलाइन प्रमाणीकरण 'बघू नंतर' म्हणून टाकून दिलंयस, ते आज रात्री कर. पोहोचल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. ती उलटून गेली तर तुझं तिथलं राहणं बेकायदा ठरेल. मग रडून उपयोग होणार नाही.

इतकं कडक लिहिते आहे, कारण तुझी कुवत मला माहीत आहे. तुझ्याएवढं स्वच्छ फ्रेंच बोलणारे विद्यार्थी माझ्या हाताखालून फार गेले नाहीत. ती जागा मिळावी म्हणून धडपडणारी कितीतरी मुलं इथेच राहिली. त्यांच्या वाट्याची संधी घेऊन तू खोलीत दार लावून बसणार असशील, तर मला ते अजिबात चालणार नाही.

पुढची मेल फ्रेंचमध्ये लिही. वर्गात कोण बोललं आणि काय बोललं, ते नावानिशी कळव. तक्रारही खुशाल कर, पण तिच्याआधी तू काय करून पाहिलंस ते लिही. ते नसेल, तर माझ्या उत्तराची वाट पाहू नकोस.