आता येतंय, बघ!

गेल्या दिवाळीत जळगावच्या घरी मी एक हट्ट केला. धुळ्याहून आई आली होती, फराळाची ताटं आवरून झाली होती. म्हटलं, आज सगळ्यांनी मिळून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ बघायचं. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना सत्यनारायणाच्या पोथीलाच बसवतोय.

मालिका सुरू झाली आणि विनोद यायच्या आधीच मला हसू यायला लागलं. “आता येतंय, बघ!” मी सारखा म्हणत होतो. यायचं ते येऊन जायचं, आणि मुलं पडद्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघत असायची. शेवटी मुलगी म्हणाली, “पप्पा, तुम्ही सांगितल्यावर लगेच हसायचं, की थोडं थांबून?”

त्या रात्री मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. २००१ साली ‘अल्फा मराठी’वर ही मालिका सुरू झाली तेव्हा मी धुळ्यात कॉलेजला होतो. दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर बेतलेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांचे शेखर-श्यामल, त्यांची मुलं शिऱ्या आणि शलाका, आणि या सगळ्यांकडे मिश्कीलपणे बघणारे आबा, म्हणजे स्वतः प्रभावळकर. तेव्हा मी शिऱ्याच्या वयाचा होतो आणि शेखर मला उगाच चिडचिड करणारा वाटायचा. आता तोच मला घरातला एकमेव शहाणा माणूस वाटतो. वय वाढल्याची याहून पक्की खूण दुसरी नसेल.

पण मुलांना का हसू येऊ नये? त्याचं उत्तर शोधताना मला माझे वडील आठवले. प्रभावळकर त्याआधी, सत्तरच्या दशकात, मुंबई दूरदर्शनवर चिमणराव झाले होते, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं खरं, पण ते दिसायचं मुंबई-पुण्याकडच्यांना. खान्देशात तेव्हा आकाशवाणीवर भागायचं. त्यामुळे वडिलांना चिमणराव भेटला तो वाचनालयातल्या पुस्तकात. बडोद्याला पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी लिहिलेला. ते ती पुस्तकं वाचताना एकटेच खुदखुदायचे आणि “हे ऐक” म्हणून मला वाचून दाखवायचे. मी ओशाळं हसायचो, ते थांबावेत म्हणून. म्हणजे आमच्या घरात ही पद्धत जुनीच. बाप हसतो आणि मुलाकडे बघतो.

शेताचा सातबारा मुलांच्या नावावर करता येतो, विनोद करता येत नाही. कारण विनोद निम्मा सांगणाऱ्याकडे असतो आणि निम्मा ऐकणाऱ्याच्या आयुष्यात. टिपऱ्यांच्या घरातले रुसवेफुगवे आम्हाला कळत, कारण आमच्या घरीही एकच टीव्ही होता आणि पुढचा भाग बघायला आठवडाभर थांबावं लागे. त्या थांबण्यात अर्धं हसू मुरायचं, लोणच्यासारखं. माझ्या मुलांना सगळे भाग एका बोटावर मिळतात. मी त्यांना बरणी उघडून फोडी दिल्या. मुरण्याचे दिवस कुठून आणणार?

तरी मालिकेतल्या एका गोष्टीपाशी मुलगी अडली. भागाच्या शेवटी आबा डायरी लिहायला बसतात. तिने विचारलं, “ते रोज नातवंडांबद्दलच का लिहितात? त्यांच्या लहानपणीचं का नाही?” मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण प्रश्न माझ्याच मानगुटीवर बसला. कारण आबांचं गुपित त्यातच आहे. सत्तावन्नाव्या वर्षी प्रभावळकरांनी उभा केलेला हा म्हातारा नातवंडांना आपल्या काळात ओढून नेत नाही. तोच त्यांच्या काळात डोकावतो, तिथे अडखळतो, आणि त्या अडखळण्याचं हसू करतो. चिमणरावाचंही तसंच, तो स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. आणि मी? आबांची मालिका लावून आबांच्या बरोबर उलटं वागत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर आई आणि मुलगा एका मोबाइलवर डोकं टेकवून बसलेले. अहिराणीतला कुठलासा विनोदी व्हिडिओ. मालेगावच्या छोटू दादांपासून धुळे-नंदुरबारच्या खेड्यातल्या हौशी पोरांपर्यंत, खान्देशी विनोदाचं मोठं दुकान आता मोबाइलवर उघडलंय. आई डोळे पुसत होती. मुलाला ही बोली कुठून कळली? “आजीकडून,” तो म्हणाला. दर सुट्टीत धुळ्याला जातो, तेव्हा.

आणि मला त्यातलं निम्मं कळेना.

धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग, बागलाण, मालेगाव हा सगळा अहिराणीचा मुलूख. मीही त्यातलाच. पण शाळेत तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघालं की वर्ग हसायचा, गुरुजीही हसायचे. मराठी नाटक-सिनेमात गावरान बोलणारा बहुधा हसू आणायलाच यायचा, आणि आम्ही खान्देशी प्रेक्षकही त्याला हसायचो. मी ती बोली सोडली आणि ‘शुद्ध’ झालो. टिपऱ्यांचं मराठी मला आवडलं त्यात त्या मराठीसारखं व्हायची हौसही असणार, हे आता कळतंय. आजीच्या पिढीचं हसू मी मध्येच अडवून धरलं होतं. ते मला ओलांडून नातवापर्यंत पोचलं.

म्हणून टिपरे टाकाऊ ठरत नाहीत. मुलांनी ते बघावेत असं मला अजूनही वाटतं, त्यांच्या सवडीने, मी शेजारी नसताना. माझं काम वेगळं. मीही त्या दोघांच्या मागे जाऊन बसलो. मुलाने मान न वळवता सांगितलं, “पप्पा, आता येतंय, बघा!”

ते आलं, गेलं. एक शब्द मला लागला नाही. आईने व्हिडिओ थांबवून माझ्याकडे पाहिलं. “मना आंडोर शे ना तू?” म्हणाली, माझाच मुलगा ना तू, आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. मी हसलो तेव्हा मुलगा पुढच्या व्हिडिओला हसत होता.