विदूषकाचा राखणदार

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ पासून उभं असलेलं राम गणेश गडकरी रंगायतन नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. ‘बाळकराम’ या नावानं महाराष्ट्राला हसवणाऱ्या गडकऱ्यांचं नाव लावणाऱ्या वास्तूत विनोदी नाटकाला गर्दी व्हावी, हे साहजिकच. पण याच वास्तूनं विनोदाची किंमतही मोजली आहे. ४ जून २००८ रोजी इथल्या वाहनतळात बॉम्ब फुटला आणि सात जण जखमी झाले. प्रयोग होता संतोष पवार यांच्या ‘आम्ही पाचपुते’चा. या नाटकातली महाभारताची थट्टा म्हणजे धर्माचा अपमान, असं स्फोट घडवणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. २०११ मध्ये न्यायालयानं दोघांना दोषी ठरवलं.

बॉम्बचा निषेध करून विषय मिटत नाही. देवाला हसलं, तर देवपण उणावतं का?

हा प्रश्न भरतमुनींच्या नाट्यशास्त्राइतका जुना आहे. पहिल्या अध्यायातली कथा सांगते की, पहिल्याच प्रयोगात आपला पराभव दाखवलेला पाहून असुर बिथरले. त्यांच्या बाजूच्या विघ्नांनी नटांची वाचा, हालचाल आणि स्मरण गोठवून टाकलं. इंद्रानं ध्वजाचा दंड उचलून त्यांना झोडपलं, तरी उपद्रव थांबेना. मग ब्रह्मदेवानं विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगितलं. म्हणजे नाट्यगृहाचा जन्मच दुखावलेल्या भावनांतून झालेला! पुढे ब्रह्मदेवानं असुरांना समोर बसवून समजावलं, की नाट्य एकट्या देवांचं नाही आणि एकट्या तुमचंही नाही, त्यात तिन्ही लोक येतात. रंगभूमीवरच्या प्रत्येकाला राखणदारही नेमून दिला. नायकाला इंद्र, नायिकेला सरस्वती.

आणि विदूषकाला? ओंकार.

सदा खाण्यापिण्याच्या गप्पा मारणारा, भल्याभल्यांची फजिती करणारा हा गडी. त्याच्या पाठीशी कुणी लहानसहान देवता नव्हे, तर वेदांचं बीज उभं केलं आहे. हास्याकडे हलकं म्हणून पाहणाऱ्यांनी या नेमणुकीपाशी जरा थांबायला हवं.

हा ग्रंथ भाबडाही नाही. त्याच्या अखेरच्या भागात भरताचे पुत्र विद्येच्या मदानं ऋषींची टवाळी करणारे प्रयोग रचतात आणि शाप ओढवून घेतात. हास्याची प्रतवारीही स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्यांनी लावलेली आहे. सगळं हसू सारखं नसतं, याची परंपरेला पुरेपूर जाण होती. पण शापाच्या कथेत दोष आहे तो मदाचा. प्रेमानं केलेल्या थट्टेला तो लावता येणार नाही.

प्रेमाची थट्टा कशी असते, ते सिंधुदुर्गातल्या जत्रेत दिसतं. देवळाच्या आवारात रात्री दशावतार उभा राहतो. गणपती येतो, सरस्वती येते आणि मग वेद चोरणारा संकासुर. अंगभर काळा वेश, तोंडावर काळं कापड, त्यातून लोंबणारी लांबलचक लाल जीभ. तो अस्सल मालवणीत टोमणे मारतो, गाव पोट धरून हसतं, आणि शेवटी विष्णू त्याचा वध करतो. हे सारं घडतं ग्रामदेवतेच्या दारात, तिच्याच उत्सवात. तमाशाच्या गौळणीतही मावशी थेट कृष्णाशी हुज्जत घालते, आणि तेही गणात गणपतीला वंदन झाल्यावर. परक्याशी कुणी असं बोलत नाही. जनाबाईनं विठ्ठलाला दिलेल्या शिव्यांमागेही हीच जवळीक आहे.

ही जवळीक शहरातल्या रंगमंचावरही आली. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये (१९८०) गावकरी द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि त्याचा बोजवारा उडतो. अभिनेते मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेल्या या नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले. तिथे हसू होतं ते धर्मराजाचं सोंग घेतलेल्या माणसाच्या धांदलीचं.

सध्याचा व्यावसायिक विनोद मात्र बहुतेक घरातच रमलेला दिसतो. ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ संसारात शिरतं, ‘शिकायला गेलो एक’ शिकवणीत. ही नाटकं मनापासून हसवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. खंत वेगळीच आहे. देव विनोदातून बाहेर पडला तो प्रेक्षकांना नकोसा झाला म्हणून, की लेखकांना धास्ती वाटते म्हणून? धास्ती असेल, तर नुकसान नाटकाइतकंच भक्तीचंही आहे, कारण रागावणं, रुसणं, चिडवणं हे सगळं भक्तीनं देवासमोर हक्कानं केलेलं आहे. ज्याच्या भावना दुखावतील त्यानं प्रयोगातून उठून जावं, लिहावं, लेखकाशी वाद घालावा. असुरांनाही तेवढी जागा ब्रह्मदेवानं दिली होती.