तिसऱ्या पुकाऱ्याची वाट

लिलावात हातोडा पडण्यापूर्वी तीन वेळा पुकारा होतो. कोर्टाचा पट्टेवालाही पक्षकाराचे नाव तीनदा घेतो. एकदा घडले तर योगायोग, दोनदा घडले तरी योगायोग म्हणता येईल, पण तिसऱ्यांदा घडले म्हणजे त्यात काही तरी आहे, असे आपण मानतो. या रीतीत गैर काही नाही. माणसाला कोठे तरी थांबून निर्णय करावा लागतो आणि त्यासाठी एखादा आकडा हाताशी असलेला बरा. परंतु हाच आकडा एखाद्या बाईच्या कुशीला लावला की त्याचा अर्थ बदलतो. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ आपोआप पडला, तर "आणखी एकदा पाहू" असे तिला सांगण्यात येते. सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. पण जे पाहावयाचे, ते तिच्या एकटीच्या शरीराने पाहावयाचे असते. तपासणी मागण्याचा हक्क मिळण्यासाठी किती गर्भ गमवावे लागावेत? हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो. माझ्या मते तो आधी नीतीचा आहे.

वैद्यकातला हा तीनचा आकडा इतका पक्का कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १९३८ मध्ये लिव्हरपूलच्या पर्सी माल्पास या डॉक्टरने एक हिशेब मांडला. लागोपाठ तीन गर्भ गेलेल्या स्त्रीचा चौथाही जाण्याचा संभव शंभरात ७३, असे त्याचे उत्तर आले. काही गोष्टी गृहीत धरून कागदावर केलेले ते गणित होते. पुढे कित्येक वर्षे, ज्याने त्याने आपल्या औषधाचे यश या ७३ शी ताडून पाहिले. औषध घेतलेल्या शंभरांपैकी साठ-सत्तर जणींची मुले टिकली की औषध गुणकारी ठरे. १९६४ मध्ये वॉरबर्टन आणि फ्रेझर यांनी प्रत्यक्ष कुटुंबांची माहिती तपासली, तेव्हा तो संभव शंभरात २५ ते ३० च्या घरात निघाला. म्हणजे ती साठ-सत्तर मुले औषधावाचूनही टिकलीच असती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हेच पुन्हा दाखविले. वारंवार गर्भपात होऊनही कारण न सापडलेल्या ८३६ स्त्रिया तीत होत्या. काहींना प्रोजेस्टेरॉन दिले, काहींना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले काही तरी. पहिल्या गटात सुमारे ६६ टक्के स्त्रियांना मूल झाले, दुसऱ्या गटात ६३ टक्के.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हा हिशेब थोडा पुढे नेते. दिवस राहिल्याचे कळल्यानंतर शंभरांतील सुमारे १५ गर्भ टिकत नाहीत. लवकर गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांची चूक झालेली असते. गर्भ मुळातच वाढण्याजोगा नसतो. हे सारे निव्वळ नशिबाने घडत असते, तर तीन वेळा असे होणाऱ्या बायका हजारात तीन-चार भरल्या असत्या. प्रत्यक्षात त्या सात ते दहा भरतात. याचा अर्थ असा, की तीनदा हानी सोसलेल्यांपैकी काही जणी केवळ दुर्दैवी असतात आणि काहींच्या बाबतीत मात्र दर वेळी तेच कारण आड येत असते. कोणती बाई कोणत्या गटातली, हे आकडा सांगत नाही. ते विचारूनच कळावयाचे.

थांबा म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. एका गर्भपातानंतर सगळ्याच बायकांना तपासण्यांच्या रांगेत उभे केले, तर बहुतेकींच्या हाती काहीच लागणार नाही. खर्च होईल, भीती वाढेल. शिवाय तपासणीत काही दिसले म्हणजे तेच कारण, असेही नाही. गर्भाशयात पडदा दिसतो; तो कापून काढला तर पुढचे मूल टिकते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिद्ध झाले नाही. पुरी तपासणी करूनही सुमारे निम्म्या जोडप्यांना कारण सापडत नाही, आणि तरीही त्यांतल्या बहुतेकांना पुढे मूल होते. तेव्हा "धीर धरा" हा सल्ला पुष्कळदा खराही ठरतो.

परंतु धीर सर्वांना सारखाच स्वस्त पडत नाही. चोविशीतल्या मुलीने आणखी वर्षभर थांबणे आणि अडतिशीतल्या बाईने थांबणे, यांत अंतर आहे. नॉर्वेतील नोंदींवरून २०१९ मध्ये दिसून आले, की पंचविशी ते एकोणतिशीच्या दरम्यान दहांतील एक गर्भ जातो, तर पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक जातात. शिवाय उपाय ठाऊक असलेली कारणेही आहेत. काही स्त्रियांच्या रक्तात अँटीफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडे असतात. ती बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासतात. दोन्ही वेळा आढळली तर लहान मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शने देतात. अशा बाईला "आणखी एकदा पाहू" म्हणणे म्हणजे टाळता आली असती अशी हानी तिच्या पदरात घालणे होय.

वैद्यकातही आज एकवाक्यता नाही. अमेरिकेतील आणि युरोपातील प्रजननवैद्यकाच्या संस्था दोन गर्भपातांनंतर तपासणी करावी असे म्हणतात. लंडनच्या रॉयल कॉलेजने २०२३ मध्येही व्याख्येत तीनच ठेवले. मात्र दोननंतर तारतम्याने तपासण्याची मुभा डॉक्टरांना दिली. २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने पायऱ्यांची योजना पुढे मांडली. पहिल्या हानीनंतर माहिती आणि प्रकृतीचा सल्ला, दुसऱ्यानंतर थायरॉइडसारख्या साध्या तपासण्या, तिसऱ्यानंतर पुरी तपासणी. मला ही योजना पटते, कारण तीत पहिल्या दिवशी आलेल्या बाईला कोणी रिकाम्या हाती परत पाठवीत नाही.

आपल्या घरांत मात्र उलटा क्रम चालतो. तिथे तपास तिसऱ्यानंतर, पण निकाल पहिल्यालाच लागतो. सुनेचा पायगुण, कुणाची तरी दृष्ट, पूर्वजांचा दोष. मग त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी. जुन्या आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंतचा गर्भस्राव आणि पुढचा गर्भपात असा बारीक भेद केला होता, इतकी त्याची नजर सूक्ष्म होती. पण वारंवार गर्भ नष्ट होण्याच्या विकाराला त्याने नाव दिले 'पुत्रघ्नी'. ज्याची चिकित्सा करावयाची, त्या रोगाच्या नावातच आरोप येऊन बसला. आज माता-पिता दोघांच्याही गुणसूत्रांची तपासणी करता येते, आणि काही जोडप्यांत दोष पुरुषाकडून आलेला आढळतो. तरीही दवाखान्याच्या बाकावर बहुधा बाई एकटीच बसलेली असते. एखाद्या नवऱ्याने पहिल्याच भेटीला बाही वर करून रक्त दिले, तर त्या रक्ताच्या अहवालापेक्षाही त्याच्या तिथे असण्याने घरातले अर्धे आरोप गळून पडतील.

आता दुसरी बाजू. लवकर विचारावे, याचा अर्थ लवकर औषध घ्यावे असा नव्हे. दुःखात असलेल्या माणसाला काही तरी करणे हेच औषध वाटते, आणि ते 'काही तरी' विकणारे नेहमी जवळच असतात. गेल्या शतकाच्या मध्यास गर्भ टिकावा म्हणून डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे औषध अमेरिकेत असंख्य स्त्रियांना देण्यात आले. १९५३ मध्ये शिकागोतील चाचणीने त्याचा उपयोग होत नसल्याचे दाखविले, तरी ते चालूच राहिले. १९७१ मध्ये उघडकीस आले, की ते घेतलेल्या आयांच्या काही मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग झाला. आयांनी ते आशेने घेतले होते. किंमत मुलींनी मोजली. आजही ज्या बाईला दिवस सहज राहतात पण टिकत नाहीत, तिला टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग सुचविला जातो. दिवस न राहणे आणि राहिलेले न टिकणे या दोन निराळ्या तक्रारी आहेत. पहिलीचे औषध दुसरीला लागू पडेलच असे नाही, हे तिला पैसे भरण्यापूर्वी कोणी तरी सांगावयास हवे.

म्हणून मला वाटते, की प्रश्न विचारण्याला आणि उपाय करण्याला दोन वेगळी मापे असावीत. प्रश्नासाठी एक हानी पुरेशी आहे. उपायासाठी मात्र पुरावा हवा, मग हान्या कितीही झालेल्या असोत. या दोहोंची गल्लत झाली की दोन चुका होतात. औषधाची घाई नको म्हणून बाईचा प्रश्नही लांबणीवर टाकला जातो. किंवा तिने प्रश्न विचारला म्हणून तिच्या हाती औषधांची चिठ्ठी दिली जाते. आणि या दोहोंच्या पलीकडे तिसरा हक्कही आहे: आता पुरे, असे म्हणण्याचा. तो वापरणारी बाई हरली, असे समजण्याचे कारण नाही. पुढचा पुकारा ऐकावयाचा की नाही, हे ज्याचे नाव पुकारले जाते त्यानेच ठरवावे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांवाचून, पैशावाचून, आजच करता येण्यासारखी आहे. तपासणीला गेल्यावर पहिले प्रश्न साधेच असतात: किती आठवडे झाले होते, सोनोग्राफीत ठोके दिसले होते का, पडलेला भाग तपासला होता का. पुष्कळ घरांत याचे उत्तर कोणालाच देता येत नाही. कागद फेकलेले असतात, तारीख विसरण्याचा सर्वांनी मिळून प्रयत्न केलेला असतो. १९६१ च्या कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद केली. पण कारण लिहावे लागते म्हणून कित्येक जणी ती न घेता पोटदुखीचा अर्ज देतात आणि चौथ्या दिवशी कामावर उभ्या राहतात. हे मौन आपण तिला जपण्यासाठी पाळतो, असे म्हणतो. पण जे बोललेच गेले नाही, त्याची नोंद राहत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचे कारण शोधता येत नाही. म्हणून तो कागद जपून ठेवावा. त्यावर तारीख लिहावी. घरात त्याबद्दल एकदा तरी मोकळेपणी, नवऱ्यासमोर आणि सासूसमोर, बोलावे. जे गेले ते मोजण्याजोगे होते, एवढे मान्य झाले, तर दोन की तीन हा वाद पुष्कळसा आपोआप मिटेल.