आधण आल्यानंतरची आच

गेल्या रविवारी नागपूरच्या बर्डीवर, मेन रोडच्या कडेला मांडलेल्या भांड्यांसमोर एक आजी उभ्या होत्या. हातात सुतळीचा तुकडा, त्याला दोन गाठी. घरच्या गंजाचं तोंड त्यांनी सुतळीनं मोजून आणलं होतं. त्यांना फक्त झाकण हवं होतं.

"मावशी, झाकण एकटं नाही मिळत. पूर्ण सेट घ्या."

"गंज आहे न बाबू घरी. चांगला आहे. त्याचं काय करू मी?"

त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी विक्रेत्यानं टेबलाखालचं पोतं ओढलं. त्यात सुटी, जोडी मोडलेली झाकणं होती. आजींनी एकेकावर सुतळी धरून पाहिली. पाचवं की सहावं बसलं. पैसे मोजून देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मला आठवडाभर पुरलं आहे.

एका झाकणासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण झाकणाचा हिशेब फार खरा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंचावर आहे. इथं पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून तिथवर न्यायला सुमारे ७४ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच लिटरभर पाणी पूर्ण वाफ करून उडवायला मात्र सुमारे ५४० लागते, म्हणजे सातपटीहून अधिक. उघड्या गंजातून वाटीभर पाणी वाफ होऊन गेलं, तर लिटरभर पाण्याला आधण आणण्याइतकी उष्णता गेली. आणि एकदा उकळी फुटली की आच कितीही मोठी करा, पाणी त्याहून गरम होत नाही. डाळ लवकर शिजत नाही. जास्तीची सगळी आच वाफ होऊन छताकडे जाते.

ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुरेसं झाल्यावरही आपण देत राहतो, आणि त्या देण्याचा कुणाला काही उपयोग नसतो.

आमच्या आजीला किलोकॅलरी माहीत नव्हती. तिच्या चुलीला शेजारी वैल होता, कुणी औलही म्हणत. भाकरी चुलीवर, आणि त्याच आगीच्या उरलेल्या धगीवर वैलात वरण नाही तर दूध. स्वयंपाक आटोपला की निखारे राखेत झाकायचे, ते संध्याकाळी पुन्हा फुंकायचे. भातातलं पाणी आटत आलं की लाकडं मागे ओढायची आणि भात वाफेवर मुरू द्यायचा. डाळ भिजत घालणं हा तिथं नियम होता. या सगळ्याला मराठीत सुंदर शब्द आहे: निगुती. कंजूष माणूस पैसा धरून बसतो. निगुतीचं माणूस वस्तू, धान्य, विस्तव यांची कदर करतं. त्याच्या हातून पाहुण्याला कमी वाढलं जात नाही.

पण त्या निगुतीचं मोलही सांगायला हवं, नाहीतर आठवण खोटी होईल. आजीचे डोळे कायम लाल असत. तिचा खोकला घरात कुणी आजार म्हणून धरलाच नाही. लाकूड फुकट वाटायचं, कारण त्याची किंमत तिच्या छातीतून वसूल होत होती.

हे वर्ध्यात ओळखलं गेलं होतं. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पा त्याचे प्राण होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथं मगन संग्रहालय उघडलं. मगन चूल याच परंपरेतली: धूर बाईच्या तोंडावर न येता बाहेर जावा आणि सरपणही कमी लागावं. स्वातंत्र्याच्या लढाईत गुंतलेल्या माणसांनी चुलीच्या तोंडाकडे एवढ्या गंभीरपणे पाहावं, याचं मला अपार मोल वाटतं. कुमारप्पांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'मध्ये एक भेद सांगितला आहे: कोळसा, खनिज तेल हे साठे वापरले की संपतात, वाहतं पाणी, वाढतं जंगल पुन्हा पुन्हा मिळत राहतं. साठ्यातून उचलताना माणसाचा हात जड व्हायला हवा, असं मी त्यातून घेतो.

आपल्या हाताला तो साठा दिसत नाही, ही आजची अडचण आहे. चुलीपुढे सरपणाची मोळी दिसायची. गिझरचं बटण दाबताना काय दिसतं? बर्डीपासून दहा-बारा किलोमीटरवर कोराडीचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे, जवळच खापरखेड्याचं. आंघोळीच्या एका बादलीला थंडीत साधारण अर्धं युनिट वीज लागते. त्यासाठी तीनशे ग्रॅमच्या आसपास कोळसा जळतो आणि आपल्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा राखच असते. म्हणजे दर बादलीमागे मोठी मूठभर राख. ती कुठं तरी साठते. जुलै २०२२ मध्ये, ऐन पावसात, कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, कोलार नदीत आणि पुढं कन्हानकडे गेला. ज्यांच्या शेतात तो शिरला, त्यांनी आपली बादली तापवली नव्हती.

इथं मला स्वतःला एक बंधन घालून घ्यावंसं वाटतं. काटकसरीचा उपदेश कुणाला करायचा? ज्या घरात सिलिंडर महिना कसाबसा गाठतं, तिथं आच किती ठेवायची हे त्या माउलीला तुमच्या-माझ्यापेक्षा नेमकं ठाऊक असतं. नागपूरच्या मे महिन्यात कुणा म्हाताऱ्या माणसाला कूलर बंद करायला सांगणं तर क्रूरपणा आहे. हा प्रश्न, बिल आलं तरी न वाचता भरू शकणाऱ्या आमच्यासारख्यांचा आहे. आणि कूलरचंच म्हणाल तर, मे महिन्यात स्वयंपाकघरात उडवलेली वाफ त्याचंही काम बिघडवते. हवा दमट झाली की तो नुसताच फिरतो. स्वयंपाक सकाळी लवकर उरकायची इथली जुनी रीत उगाच पडलेली नाही.

आणि घरातली निगुती आजवर एकाच माणसाच्या माथी आली. आमच्याकडे बिल वडील वाचत, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बचत मात्र आई करायची. आच तिनं कमी करायची, डाळ तिनं भिजवायची, आमचे चालू राहिलेले दिवे-पंखे तिनं बंद करत फिरायचं. आम्ही बोलणी खाऊन पुन्हा विसरायचो. विसरण्याची ती मोकळीक आम्हाला कुणी दिली होती, हा प्रश्न मी फार उशिरा स्वतःला विचारला. ती गेल्यावर.

बर्डीवरून आलो त्या संध्याकाळी कुकर मुलाला लावायला सांगितला. डाळ त्यानंच दुपारी भिजत घातली होती. पहिली शिट्टी झाली तशी त्यानं आच बारीक केली, मग घड्याळ पाहून बंद केली. भूक लागली होती, म्हणून लगेच सराटा घेऊन शिट्टी उचलायला निघाला.

"राहू दे," म्हटलं, "आत अजून शिजतंय."

त्यानं सराटा खाली ठेवला. प्रेशर आपोआप उतरेपर्यंत आम्ही दोघं ओट्याशी उभे राहिलो.