माशाच्या शेपटीची टोकं

लखनौच्या इंदिरा नगरातल्या माझ्या गच्चीवरून पाण्याच्या टाक्या दिसतात, मेट्रोचा उंच पूल दिसतो आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला इथे जमघट म्हणतात, पतंगांनी भरलेलं आकाश दिसतं. सर्वांत जवळचा समुद्र आठ-नऊशे किलोमीटरवर आहे. याच गच्चीवर दोन वर्षांपूर्वी मी एक सर्फबोर्ड बनवला. लांबी पाच फूट दोन इंच, म्हणजे ज्याच्यासाठी बनवला त्या माझ्या भाच्यापेक्षा आठ इंचांनी आखूड. तिसऱ्याच दिवशी त्या बोर्डापायी भाच्याच्या मांडीला सात टाके पडले. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे: जी वस्तू आपल्या अंगाला कधी लागणार नाही, ती आपण घडवावी का?

या जातीच्या आखूड बोर्डाला ‘फिश’ म्हणतात. 1967 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत स्टीव्ह लिस नावाच्या एका पोरगेल्या मुलाने तो घडवला. लिस लाटेवर उभा राहत नसे, गुडघे टेकून जात असे; त्यामुळे पाच फुटांहून आखूड फळी त्याला पुरत होती. आखूड फळी लाटेच्या वळणात नीट बसते, चटकन वळते. पण लांबी गेली की तरंगण्याची ताकदही जाते. ती त्याने रुंदीत भरून काढली. तळ जवळजवळ सपाट ठेवला, नाकाला बाक थोडाच दिला, म्हणजे अशक्त लाटेवरही फळी पाण्यात रुतून न बसता पाण्यावरून घसरते. आता अडचण अशी, की रुंद शेपूट उभ्या लाटेवर पकड सोडतं. म्हणून शेपटात मधोमध खोल खाच. रुंदी तशीच राहिली, वळताना पाण्यात मात्र एकच निमुळतं टोक उतरतं. प्रत्येक टोकाजवळ खाली एक लांब, बुटकी फिन. पुढे लोक या फळीवर उभे राहू लागले, आणि 1972 साली सॅन डिएगोलाच झालेल्या जागतिक स्पर्धेत पहिल्या आलेल्या जिम ब्लियर्सच्या आणि दुसऱ्या आलेल्या डेव्हिड नुहिवाच्या पायाखाली फिशच होते.

भाचा गोव्यात, पेडण्यातल्या अश्वे किनाऱ्यावर नवशिक्यांना सर्फिंग शिकवतो. पावसाळा सोडला तर तिथल्या लाटा लहान आणि मऊ. फिशला अगदी साजेशा. विकतच्या बोर्डाची किंमत त्याने फोनवर सांगितली तेव्हा मी म्हणालो, मी बनवतो. यात मामेपणा होता तेवढाच अहंकारही होता. इथल्याच, विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली. वक्र पृष्ठभाग मला घाबरवत नाहीत.

थर्माकोल मिळवायला त्रास पडला नाही. उत्तर प्रदेशात बटाट्याची शीतगृहं गावोगाव, आणि त्यांच्या भिंतींना थर्माकोलच लागतो. दोन भारी लाद्या आणल्या, तापलेल्या तारेने कापल्या, मधोमध लाकडाची पट्टी बसवली. थर्माकोलवर साधं पॉलिएस्टर रेझिन ओतलं तर तो विरघळून जातो. त्याला इपॉक्सीच हवं, आणि लखनौच्या जानेवारीत इपॉक्सी सुकायलाच तयार नसतं. रात्री बोर्डाशेजारी हीटर लावून बसलो. थर्माकोलचे पांढरे दाणे शेजाऱ्यांच्या तुळशीपर्यंत उडत गेले. पण बोर्ड झाला, आणि देखणा झाला. विशेषतः शेपूट. दोन्ही टोकं मी सुरीसारखी ठेवली होती. का, तर आराखड्यावर ती तशी सुंदर दिसत होती. दुसरं काहीही कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाक लाटेत घुसलं, सपाट फळी तशी घुसतेच, आणि भाचा पुढे फेकला गेला. बोर्ड त्याच्यामागून उलटा आला आणि त्यातलं एक टोक मांडीत शिरलं.

तो फोनवर हसत होता. “मामा, समुद्रात लागतंच.” त्याच्या बाजूने हिशेब मिटला. पण ज्याला लागलं त्याने मोठ्या मनाने सोडून दिलं, म्हणून ज्याने टोकं धारदार ठेवली त्याचा हिशेब मिटतो का?

सुरुवातीला मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. एकतीस वर्षं मी ज्या विमानांचे भाग तपासून सोडले, त्यांतलं एकही मी चालवलेलं नाही. माझ्या शिक्क्यावर माणसं आकाशात गेली आणि उतरली. घडवणाऱ्याने वापरलंच पाहिजे असा नियम केला तर जगातली निम्मी कामं थांबतील. काठी करणारा आंधळा नसतो, आणि कुबड्या करणाऱ्याचे दोन्ही पाय शाबूत असतात. हे खरंच आहे. पण कारखान्यात माझ्या आणि वैमानिकाच्या मध्ये चाचणीचा बाक होता. त्या बाकावर प्रत्येक भाग विमानात जाण्याआधी दाबाखाली ताणला जाई. बोर्डाला असा बाक नसतो. भाच्याची मांडी हाच माझा बाक झाला, आणि ते मी त्याला विचारलं नव्हतं.

मग मला भातखंडे आठवले. लखनौच्या मराठी माणसाला ते आठवतातच. 1926 साली इथे मॅरिस कॉलेज सुरू झालं ते त्यांच्याच खटपटीने, आणि आज त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. विष्णु नारायण भातखंडे वकील होते, मैफलीचे गवई नव्हते. ज्यांनी मैफल गाजवली नाही त्यांनी रागांचे नियम का सांगावेत, ही कुरकुर मी गाण्याच्या बैठकींत कितीदा ऐकली आहे. पण भातखंडे टेबलाशी बसून दहा थाट मांडत नव्हते. ते गावोगाव हिंडले, रामपूरला जाऊन गंडा बांधून शागीर्द झाले, लोकांनी जपून ठेवलेल्या बंदिशी त्यांच्या समोर बसून शिकले आणि मग लिहिल्या. गाणाऱ्याच्या गळ्याला कुठे अडतं ते त्यांनी विचारलं होतं. मी भाच्याला त्याची उंची आणि वजन विचारलं होतं.

आमच्या कोपऱ्यावरचा पतंगवालाही माझ्याहून शहाणा. गिऱ्हाइकाला महागडा पतंग देण्याआधी तो मंगळसूत्र बांधून एकदा स्वतः हवेत घेऊन पाहतो.

काही जण याच्या दुसऱ्या टोकाला जातात. बॉब सिमन्स कॅल्टेकमध्ये शिकलेला गणिती डोक्याचा माणूस. वेगवान होड्यांच्या तळाचं शास्त्र वाचून त्याने रुंद, वेगवान बोर्ड घडवले, ते स्वतः लाटेवर नेले, आणि 1954 साली सर्फिंग करतानाच बुडून गेला. त्याच्याकडे पाहून मला आदर वाटतो, पण उत्तर मिळत नाही. घडवणारा स्वतः जिवावर उदार झाला म्हणजे त्याची वस्तू इतरांसाठी सुरक्षित होत नाही.

गेल्या डिसेंबरात मी अश्वेला गेलो. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, पण पोहायला शिकलो ते विहिरीत. समुद्राशी माझी ओळख पायांपुरतीच. चौसष्टाव्या वर्षी उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता. कमरेएवढ्या पाण्यात भाच्याने बोर्ड धरला आणि मी त्यावर पालथा पडलो. त्याच्याच बोर्डावर, टोकांना त्याने सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले होते. “मामा, मागे बघू नको,” तो म्हणाला आणि ढकललं. लाट घोट्यांखाली आली, मग पोटाखाली, आणि अचानक बोर्ड हलका झाला. त्या सपाट तळाचं काम मला बरगड्यांना कळलं. पंधरा-वीस हात गेलो असेन. मग नाक घुसलं, तोंडात वाळू, आणि काहीतरी पोटरीवर आपटलं. ट्यूब होती म्हणून नुसतं आपटलं.

त्या संध्याकाळी मी वही उघडून त्याला पहिल्यांदा नीट प्रश्न विचारले. मला वाटत होतं शेपूट सरळ गोलच करून टाकावं. तो नाही म्हणाला. पाणी तळापासून तुटून सुटायला मागची खालची कड तीक्ष्णच हवी, नाहीतर बोर्ड पाण्याला चिकटून राहतो. गोल करायची ती फक्त टोकं, तीही रुपयाच्या नाण्याएवढी. म्हणजे जपायचं म्हणून सगळंच बोथट करणं ही पुन्हा माझीच सोय झाली असती.

आता दुसरा बोर्ड गच्चीवर घोडीवर ठेवला आहे. काल रात्री टोकं घासली, नाणं लावून पाहिलं. मग पँट वर सरकवून एक टोक स्वतःच्या मांडीवर दाबलं, जोर लावून. लाटेचा जोर त्याहून कितीतरी जास्त असतो हे माहीत आहे. लाल ठसा उठला, अर्ध्या तासात गेला. दुसऱ्या टोकाचा सकाळपर्यंत राहिला होता. ते अजून घासायचं आहे.