श्रवणातला शेजार

एकट्याने ऐकणे आणि चारचौघांत बसून ऐकणे या क्रिया कानाच्या लेखी एकच असल्या, तरी मनुष्याच्या लेखी त्या सर्वथा भिन्न होत, ही जाणीव मला प्रथम झाली ती बीड तालुक्यातील आमच्या लिंबागणेशच्या चावडीवर. भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीस ठाऊक असलेल्या या गावी पोथीश्रवणाचा परिपाठ जुनाच. त्यामुळे दिवेलागणीनंतर रेडिओभोवती जमणारी मंडळीही त्याच वळणाने बसत, आणि बोलणारा दूर परभणी केंद्रावर आहे याची तमा न बाळगता, पुराणिकाला द्यावा तसा त्याच्या वाक्यावाक्याला हुंकार देत.

त्यांत कानाने अधू असे एक वृद्ध शेतकरी असत. “काय म्हनला रं?” असे ते घडोघडी विचारीत, आणि शेजारचा मनुष्य बाजारभाव, पाऊसपाण्याचा अंदाज, बियाण्याविषयीची सूचना त्यांना मोठ्याने, आपल्या बोलीत पुन्हा सांगे. पुढचे वाक्य त्यात बुडून जाई, पण कोणी कुरकुरल्याचे स्मरत नाही. उलट बुडालेले तिसरा कोणी पुरवी, आणि तेवढ्यात, हा सल्ला आपल्या मुरमाड रानाला कसा लागू पडावा, अशी रास्त शंका चौथा काढी. माहिती आकाशवाणीकडून येई; तिचे ज्ञान मात्र या खोळंब्यात होई.

हे केवळ माझे स्मृतिरंजन नव्हे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापिली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, त्यावर मंडळात चर्चा, आणि मंडळांनी कळविलेल्या शंकांचे पुढील प्रसारणात निरसन, अशी ती योजना होती. आमचा जिल्हा त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्याच्या अमलाखाली असल्यामुळे त्या दफ्तरात आम्हांला जागा नव्हती. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या पाहणीत, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा श्रोतृमंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ पुष्कळच अधिक आढळली. मला यात नवल वाटत नाही. यंत्र तेच, आवाजही तोच, भेद होता तो शंका विचारावयास शेजारी कोणी असण्याचा.

सबंध गावावर एकच आवाज लादणाऱ्या कर्ण्याला मी म्हणूनच सामूहिक श्रवण म्हणणार नाही, कारण त्याला अडवून विचारण्याची मुभाच नसते. आणि इयरफोन लावून बसलेल्याला शेजारच उरत नाही. पावसाचा अंदाज आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येतो, तो खुशाल येवो. परंतु पेरणीपूर्वीच्या एखाद्या संध्याकाळी तरी ग्रामपंचायतीने तो चावडीवर सर्वांना एकत्र बसवून ऐकवावा, त्यावर शंका काढू द्याव्यात, आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांना अग्रभागी बसवावे, एवढी माझी विनंती आहे.